न वाचलेला अंक

गौरवी गावसच्या अंकाला डिचोलीत सगळे ‘ते हिप्पींचं पुस्तक’ म्हणायचे. अंकाचं खरं नाव ‘बांधाबाहेर’. वर्षाला चार काढायचे असं ठरवून तिने सुरुवात केली होती, पण तो निघायचा तेव्हा निघायचा. त्याआधी ती पणजीच्या एका दैनिकात रविवारच्या पुरवणीवर होती. तिथे चतुर्थीच्या आधी गणपतीवर बांधायची माटोळी, शिगम्याच्या आधी मिरवणुकीतला रोमटामेळ आणि मधल्या काळात नारळाचे उपयोग. शिक्षण, नोकरी, लग्न, घर या ठरलेल्या रांगेत न बसणारी माणसं आपल्याकडेही आहेत, त्यांच्यावर लिहू या, असं तिने संपादकांना अनेकदा सुचवलं. ते म्हणाले, “हरमलला जा आणि त्या किनाऱ्यावरच्या परदेशी हिप्पींवर एखादं रंगीत फीचर करून आण.” गौरवी हरमलला गेली नाही. नोकरी सोडून घरी आली.

पण हरमल तिला सोडेना. अंकाचं नाव थोडंफार पसरलं तसे लोक फोन करून विषय सुचवायला लागले. एक रशियन बाई उघड्यावर मातीत झोपते, तिच्यावर लिही. एक इस्रायली माणूस फक्त नारळाचं पाणी पितो, त्याचा फोटो घे. इथल्या माणसांनी काही वेगळं केलं तर ते कुणाला वेगळं वाटतच नसे. ते एक तर वेड असे किंवा आळस. नार्व्याच्या ज्या नवरा-बायकोने सरकारी नोकऱ्या सोडून नदीकाठी बिनविजेचं घर बांधलं, त्यांच्यावर गौरवीने मोठा लेख केला. तो वाचून तिची आई, शालिनी, एवढंच म्हणाली, “मगे? फ्रिज नाही तर मासे कुठे ठेवतात?”

हरमलच्या किनाऱ्यावर शॅक, म्हणजे झावळ्यांचं हॉटेल, चालवणारा स्वप्नील तिचा कॉलेजातला मित्र. तो मागच्या पानावर जाहिरात द्यायचा आणि काउंटरवर अंक ठेवून घ्यायचा.

“गौरवी, एकदा तरी कव्हरवर फायर डान्सवाली घाल,” तो दर वेळी म्हणायचा. “माझ्याकडे येतात त्यांना मराठी येत नाही, आणि मराठी येतं त्यांना हे असलं नको असतं. निदान चित्र तरी बघू दे कोणाला.”

“चित्र बघायला किनारा आहे की तुझ्यासमोर,” गौरवी म्हणायची आणि चिडून निघून यायची. चिडायची कारण तो अगदीच खोटं बोलत नव्हता.

‘डंप’ हा बँड तिला सापडला तो तुषारमुळे. तुषार दोडामार्गचा, लग्नाचे फोटो काढून पोट भरणारा. उरलेल्या वेळात ‘बांधाबाहेर’साठी फोटो काढायचा, तेही फुकट. साखळी गावी एका भजन स्पर्धेचं शूटिंग करताना आमोण्याच्या मंडळाच्या पखवाजवाल्याने त्याला गाठलं. सिद्धेश त्याचं नाव. सदरा-पायजमा, कपाळाला गंध, पण मागे केस बांधलेले कमरेपर्यंत लांब. म्हणाला, “आमच्या दुसऱ्या मंडळाचं शूटिंग करशील काय?”

हे दुसरं मंडळ म्हणजे ‘डंप’. खाणीतली निरुपयोगी माती काढून जे डोंगर रचतात त्यांना डिचोलीत डंप म्हणतात, त्यावरून हे नाव. सिद्धेश ड्रम्स वाजवायचा, निलेश गिटार, आणि साईश गायचा, म्हणजे घसा फाटेपर्यंत ओरडायचा. त्या प्रकाराला डेथ मेटल म्हणतात. साईश खाण चालू असली की खनिज वाहणाऱ्या बार्जवर कामाला, बंद असली की घरी. गाणी तोच लिहायचा, मराठीत.

गौरवी आणि तुषार आमोण्याला पोचले तेव्हा जेवणं उरकून गाव लवंडलं होतं. भजनी मंडळाचा हॉल शेतांच्या कडेला, देवळापासून जरा बाजूला. मागे मांडवी, काठाला रिकाम्या बार्ज बांधलेल्या. हॉलच्या जनेलांना आवाज अडवायला आतून गोणपाटं ठोकलेली. दार लोटलं आणि आवाज एकदम अंगावर आला. गौरवीला आधी काहीच कळेना. मग हळूहळू शब्द वेगळे व्हायला लागले, खाणीच्या लाल धुळीबद्दलचे.

नळ सोडला, लाल.
भात वाढला, लाल.
आज्याच्या छातीचा फोटो काढला,
तोही लाल.

गाणं संपल्यावर सिद्धेशने घाम पुसत तिला पखवाज दाखवला. हात मोकळा करायला आधी तो पखवाजच घ्यायचा. भजनाच्या शेवटी लय चढते तेव्हा जी लग्गी वाजवतात, तीच तो पायांवर घेऊन ड्रमच्या डबल पेडलवर काढत होता. “लोक म्हणतात दोन वेगळी टोकं आहेत,” तो म्हणाला. “माझ्यासाठी हात तेच आहेत गो.”

“इथे वाजवायला देतात तुम्हाला?”

“चावी माझ्याकडे असते. काकांना माहीत आहे.”

काका म्हणजे रामचंद्र, सिद्धेशच्या वडिलांचे चुलतभाऊ, मंडळाचे अध्यक्ष आणि मुख्य गायक. गौरवी मुद्दाम त्यांच्या घरी जाऊन त्यांना भेटली. लपूनछपून लिहायचं नाही, असं तिने पहिल्या अंकापासून पाळलं होतं. रामचंद्रकाकांनी तिला सोलकढी दिली आणि हसले.

“आमचीच पोरां ती. बोंबलतत. बोंबलूंदेत. खंयतरी पिऊन पडण्यापरस बरां.”

“मी लिहिलं तर चालेल ना, काका? फोटोसकट?”

“लिही गो. पण मंडळाचां नाव घाल. आणि बक्षिसाच्या ढालींचो फोटो इलो पायजे.”

मग गौरवीने महिनाभर त्या लेखावर काम केलं. आमोण्याला कितीतरी फेऱ्या मारल्या. साईशच्या बार्जवर जाऊन आली. रामचंद्रकाकांवर एक पूर्ण परिच्छेद लिहिला. ज्या माणसाला हे संगीत मुळीच आवडत नाही तोच त्याला छप्पर देतो, हे तिला सगळ्यात मोलाचं वाटलं होतं. मुखपृष्ठावर तुषारचा फोटो गेला. सिद्धेश उघड्या अंगाने बसलेला, केस सोडलेले, एका बाजूला ड्रम, दुसऱ्या बाजूला पखवाज. मागच्या भिंतीवर मंडळाच्या ढाली आणि देवाची तसबीर. रामचंद्रकाकांना पाहिजे होत्या तशा ढाली स्वच्छ दिसत होत्या.

अंक निघाला. काही प्रती म्हापशाच्या पुस्तकवाल्याकडे गेल्या, काही स्वप्नीलच्या शॅकवर, काही वर्गणीदारांना पोस्टाने. प्रतिसाद म्हणून दोन फोन आले, त्यातला एक तिच्या मावशीचा. नेहमीप्रमाणे तुषारने मुखपृष्ठाचा फोटो अंकाच्या इंटरनेटवरच्या पानावर टाकला.

तो फोटो तिथून कुणीतरी उचलला. उचलणारं पान कुणाचं, कुठलं, कळायला मार्ग नव्हता. ‘जागे व्हा’ असलं काहीतरी त्याचं नाव होतं. त्यांनी फोटो लालभडक केला, अंकाचं नाव आणि पखवाज कापून टाकला, देवाची तसबीर तेवढी राहू दिली. मागे कुठलं तरी भेसूर परदेशी गाणं लावलं, जे ‘डंप’चं नव्हतंच. वर अक्षरं फिरत होती: ‘गोव्याच्या देवळात सैतानाची पूजा? कुठे चाललीय आपली तरुण पिढी?’

दोन दिवसांत ते रील डिचोली तालुक्यात प्रत्येकाच्या फोनवर होतं. गौरवीच्या आईला ते भाजीवालीने दाखवलं.

गौरवीने त्या पानाला लिहिलं, की हा फोटो आमचा आहे, ते देऊळ नाही, तिथे कसली पूजा नव्हती, हे काढून टाका. उत्तर नाही. पुन्हा लिहिलं. पुन्हा लिहिलं. शेवटी एक ओळ आली: ‘मॅडम, तुमची पण फुकट पब्लिसिटी झाली ना.’ तिने फोन पलंगावर आपटला. पलंगावरच आपटला याचाही तिला राग आला.

“मी पानावर टाकायलाच नको होता,” तुषार म्हणाला.

“मग काय, तिजोरीत ठेवणार होतास? आपण अंक काढतो तो लोकांनी बघावा म्हणूनच ना?”

“लोकांनी बघितला की.”

त्यावर ती त्याच्यावर ओरडली. त्याने ऐकून घेतलं, कॅमेऱ्याची पिशवी उचलली आणि एका लग्नाला निघून गेला.

त्या रविवारी सकाळी आमोण्याला मंडळाच्या हॉलमध्ये बैठक होती. गौरवीला कुणी बोलावलं नव्हतं, तरी ती अंकाच्या प्रती काखेत मारून गेली. हॉल भरलेला होता. जनेलांवरची गोणपाटं काढून टाकली होती, म्हणून आत नको इतका उजेड होता. सिद्धेश, निलेश, साईश भिंतीला टेकून उभे. रामचंद्रकाका टेबलामागे बसले होते.

कमिटीतला एक तरणा माणूस बोलत होता. शेजारच्या गावातून फोन येतात, बहिणीच्या सासरहून विचारतात, आपल्या देवाचा फोटो असल्या गोष्टीत गेला. ज्यांनी याआधी हॉलबाहेर उभं राहून बँड ऐकला होता, विडी ओढत माना हलवल्या होत्या, तेही आता ‘बरोबर, बरोबर’ म्हणत होते.

गौरवी पुढे गेली आणि तिने प्रती टेबलावर ठेवल्या. “काका, रील खोटं आहे. मी काय लिहिलंय ते यात आहे. मंडळाबद्दल एक वाईट शब्द असेल तर दाखवा. फक्त हे पान वाचा. मी मोठ्याने वाचून दाखवते पाहिजे तर.”

“बाय,” रामचंद्रकाका तिच्याकडे न बघता म्हणाले, “आम्ही हंय वाचूक जमलेले नाय.”

“तुम्हीच म्हणाला होता लिही म्हणून. ढालींचा फोटो पाहिजे म्हणून.”

हॉलमध्ये सगळे काकांकडे बघायला लागले. त्यांचं तोंड लाल झालं. आपण त्यांना कोपऱ्यात ढकललं हे गौरवीच्या लक्षात आलं, पण तोवर शब्द तोंडातून निघून गेले होते.

“ढालींचो फोटो म्हटलेलंय,” ते सावकाश म्हणाले. “ह्यां नाय म्हटलेलंय. आमच्या घरात काय चलता तां आमका ठावक होतां. चलत होतां. तू तां बाजारात नेलंस.”

“मी बाजारात नाही नेलं! मी—”

“फोटो सगळ्या गावान बघलो, बाय. पुस्तक कोणी बघल्यान?”

टेबलावरचे अंक तसेच होते. कुणीतरी एकावर चहाचा कप ठेवला होता. ठरलं ते असं: हॉल बँडला बंद. चावी परत करायची. सिद्धेशने मंडळासमोर माफी मागायची आणि पखवाजावर बसायचं, कारण स्पर्धा तोंडावर होती.

सिद्धेशने चावी टेबलावर ठेवली. “माफी कशाची मागू ते सांगा,” तो म्हणाला. कुणी सांगेना. “मग राहू दे.” तो बाहेर पडला, मागून साईश आणि निलेश. ड्रम्सचा सेट त्यांनी निलेशच्या वडिलांच्या टेम्पोत चढवला. गौरवी हातभार लावायला गेली तर सिद्धेश म्हणाला, “तू नको. तुझा फोटो कोणीतरी काढेल.” तो थट्टेत म्हणाला की रागात, ते तिला घरी पोचेपर्यंत ठरवता आलं नाही.

काहीतरी करायला पाहिजे, हे तिच्या डोक्यातून जाईना. तिने स्वप्नीलला फोन करून बँडला वाजवायला जागा मागितली. तो चक्क हो म्हणाला. शॅकवर संध्याकाळी, सूर्य बुडायच्या वेळी, त्यांना वाजवू दे. रीलमुळे नाव झालंय, लोक येतील. बँडवाले यायला तयार नव्हते, पण साईश म्हणाला, “निदान एकदा तरी गोणपाटांशिवाय वाजवू.”

हरमलला पोचल्यावर कळलं की शॅकसमोरच्या फळ्यावर रंगीत खडूने ‘ट्रायबल फ्यूजन’ लिहिलंय. पहिल्या गाण्याला पुढच्या टेबलांवरची माणसं खुर्च्या उचलून पाण्याकडे सरकली. दुसऱ्या गाण्याला एक बाई स्टेजपाशी येऊन डोळे मिटून हात हलवायला लागली. तिसऱ्याला दिल्लीच्या पोरांचा घोळका ‘भाई, कुछ नाचने वाला बजाओ’ म्हणून ओरडायला लागला. स्वप्नील धावत आला. “सिद्धेश, तो पखवाज आहे ना तुझ्याकडे? नुसता तो वाजव. शर्ट काढून. बासरीवाला मी देतो.”

सिद्धेशने काठ्या खाली ठेवल्या. तो समुद्राच्या विरुद्ध दिशेने, पार्किंगकडे चालत गेला. गौरवी मागे धावली.

“सॉरी,” ती म्हणाली. “मला वाटलं—”

“तुला सारखं काहीतरी वाटतं गो,” तो म्हणाला. “लोक आम्हाला ऐकतील असं तुला वाटलं. आमच्याबद्दल वाचतील असं वाटलं. आमच्या हॉलात कोणी नव्हतं ऐकायला, पण वाजवायला तरी मिळत होतं.”

“म्हणजे मी लिहायलाच नको होतं?”

त्याने स्कूटरच्या सीटवरची वाळू झटकली. “चांगलं लिहिलंस,” तो म्हणाला. “त्याचंच तर वाईट वाटतं.”

भजन स्पर्धा झाली. आमोण्याच्या मंडळाने मये गावाहून पखवाजवाला आणला होता. त्याला रामचंद्रकाकांची लय माहीत नव्हती. गवळणीत ते पुढे गेले, तो मागे राहिला. मंडळाला उत्तेजनार्थ बक्षीससुद्धा मिळालं नाही. दुसऱ्या दिवशी गौरवीचा फोन वाजला.

“तू सांग त्याका परत ये म्हणान,” रामचंद्रकाका म्हणाले. नमस्कार नाही, काही नाही. “तुझ्यामुळां झालां. तुझां तो ऐकतलो.”

गौरवीने त्यांना पुढे बोलू दिलं नाही. “काका, तुम्ही माझा लेख वाचलात?”

काका पलीकडे खाकरले.

“त्यात तुमच्यावर लिहिलंय. चांगलं लिहिलंय. एवढं चांगलं तुमच्याबद्दल कोणी लिहिलं नसेल. वाचा, आणि मग मला सांगा काय माझ्यामुळे झालं ते. तुमचा पुतण्या आहे, तुमचं मंडळ आहे. तुम्हीच जा.” तिने फोन ठेवला. आई दारात उभी होती. “मोठ्या माणसाशी कशी बोलतेस,” ती म्हणाली, आणि थोडं थांबून, “बरं केलंस.”

रामचंद्रकाका खरोखरच सिद्धेशकडे गेले. ‘डंप’ आता डिचोलीच्या बाहेर, निलेशच्या वडिलांच्या टिपर दुरुस्तीच्या गॅरेजमध्ये वाजवत होता, गॅरेज बंद असेल त्या दिवशी. काका आले तेव्हा गौरवी तिथेच होती. ते शटरबाहेर छत्री टेकून उभे राहिले. आत गाणं चालू होतं. मधे आवाज थांबेल तेव्हा बोलू असं त्यांना वाटत असावं, पण ते गाणं थांबेना. शेवटी निलेशचं लक्ष गेलं.

“सिद्धेश, परत ये,” काका म्हणाले. “माफी-बिफी नको.”

“आणि हॉल?”

“हॉलाचां माझ्या हातात नाय.”

“तुम्ही अध्यक्ष ना?”

“अध्यक्ष म्हणानच नाय,” काका म्हणाले. त्यांचा आवाज एकदम म्हाताऱ्या माणसासारखा झाला. “मी हो म्हटलंय तर उद्या दुसरो अध्यक्ष येतलो. मगे तुका पखवाजाकय हात लावूक दिवचे नाय.”

सिद्धेशने विचार केला. “देवळातल्या सप्त्याला येईन,” तो म्हणाला. “देवाशी माझं भांडण नाही. पूर्ण प्रहर वाजवीन, पाहिजे तर दोन. स्पर्धेला येणार नाही. ढाली तुम्ही तुमच्या मिळवा.”

काकांना ते लागलं. पण ते मान हलवून निघाले. जाताना गौरवीसमोर थांबले, छत्री सावरली आणि गेले. त्यांनी लेख वाचला होता की नाही, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

“हे मी लिहिते,” शटर खाली ओढल्यावर गौरवी म्हणाली. “पुढच्या अंकात. जे झालं ते सगळं, पहिल्यापासून. म्हणजे लोकांना कळेल.”

“कुठल्या लोकांना?” सिद्धेशने विचारलं.

“सगळ्यांना.”

“नको. काका जे बोलले ते छापून आलं तर त्यांचं अध्यक्षपद जाईल. आणि माझा सप्ता.” मग तिचा चेहरा बघून तो म्हणाला, “जाहिरात घाल पाहिजे तर. साईश जहाजावर चाललाय, कायमची नोकरी. ‘गायक पाहिजे, मराठी डेथ मेटल.’ नाव नको, फोटो नको. तुझा नंबर दे.”

साईश एका कोपऱ्यात टायरवर बसून पाणी पीत होता. “माझ्यापेक्षा बरा नको घेऊ हां,” तो म्हणाला, पण हसला नाही.

पुढच्या अंकात ती जाहिरात स्वप्नीलच्या जाहिरातीच्या खाली, बोटभर जागेत गेली. नवीन मुखपृष्ठ-लेख पेडण्यातल्या एका घरावर होता, जिथे लग्न न केलेल्या चार मैत्रिणी एकत्र राहतात. फोटो काढण्याआधी गौरवीने त्यांना इतक्या वेळा ‘नक्की ना?’ विचारलं, की त्या कंटाळल्या. शेवटी घराचा मागच्या बाजूने फोटो छापला.

जाहिरातीला एकच फोन आला. नार्व्याची मुलगी, सिद्धी नाव, एका औषधकंपनीत पॅकिंगला.

“मुलगी चालेल काय?” तिने विचारलं.

“तू कुठे वाचलीस जाहिरात?”

“कंपनीत एका मैत्रिणीकडे तुमचे अंक असतात. मी सगळे वाचलेत. तो लाल गाण्यांचा लेख दोनदा वाचला. रील बघितलं तेव्हा म्हटलं, हे तर ते नव्हे.”

गौरवीने ते तिला पुन्हा सांगायला लावलं. इतके दिवस जे ऐकायचं होतं ते आता, अशा माणसाकडून, ज्याला काहीच पटवून द्यायचं नव्हतं.

सिद्धी गॅरेजमध्ये आली ती पंजाबी ड्रेस आणि ओढणी घालून. निलेश सिद्धेशकडे बघून भुवया उडवत होता. तिने ओढणी टिपरच्या आरशाला अडकवली, डोळे मिटले आणि तिच्या छातीतून जो आवाज निघाला त्याने सिद्धेशच्या हातातली काठी क्षणभर तशीच राहिली. मग त्याने पायाने लय धरली.

गाणं संपल्यावर गौरवीचं तोंड आपोआप उघडलं. “सिद्धी, तुझ्यावर—”

“नाही हां,” सिद्धी लगेच म्हणाली. “बाबांना कळलं तर माझी नोकरीपण बंद करतील. मी ओव्हरटाइम आहे म्हणून आलेय. लिहायचं नाही, फोटो नाही. तसं असेल तर येते, नाही तर नाही.”

सिद्धेशने गौरवीकडे बघितलं. तिघंही बघत होते. तिला ओरडावंसं वाटत होतं. इतक्या वर्षांत तिच्या हाती लागलेली सगळ्यात चांगली गोष्ट, आणि ती पुन्हा शटरच्या आतच राहणार.

“बरं,” ती म्हणाली.

“मग तू बाहेर बस,” निलेश म्हणाला. “कोणी ओळखीचं दिसलं तर शटर वाजव.”

गौरवी बाहेर आली, जुन्या टायरवर बसली आणि नार्व्याकडून येणाऱ्या रस्त्याकडे बघत राहिली. आत सिद्धेशने चार मोजले आणि गाणं पुन्हा सुरू झालं.